मदत हवी आहे: फायनान्शियल ॲनालिटिक्समध्ये मास्टर्स करू की नोकरीसोबत एफआरएम (फायनान्शियल रिस्क मॅनेजर, म्हणजे आर्थिक जोखीम व्यवस्थापनाची परीक्षा)?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, शिवाजी विद्यापीठातून बी.कॉम. दोन वर्षं एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. उद्यमनगरातल्या फाउंड्रीवाल्यांचे अर्ज येतात. ताळेबंद चांगला दिसतो, पण माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीकडे पैसे तीन-चार महिने अडकतात आणि हप्ता चुकतो. कोणाचा चुकेल हे आकड्यांवरून आधी ओळखता येतं, लॉजिस्टिक रिग्रेशनसारख्या (हो-नाहीची शक्यता काढणाऱ्या) संख्याशास्त्रीय पद्धती त्यासाठी वापरतात, हे कळल्यापासून मला क्रेडिट रिस्कमध्येच (कर्ज थकण्याची जोखीम मोजण्याच्या कामातच) जायचंय.

एक्सेल चांगलं येतं, पायथन आत्ताच सुरू केलंय. गणित मात्र बारावी कॉमर्सपुरतंच, आणि खरी भीती तीच आहे. स्टॅटिस्टिक्स, टाइम सिरीज (काळानुसार बदलणाऱ्या आकड्यांचा अभ्यास) झेपेल का? आधी काय पक्कं करू?

दुसरं म्हणजे, पुण्या-मुंबईत दोन वर्षं राहायचं तर शैक्षणिक कर्ज काढावं लागेल. वडील म्हणतात, "काढूया की, त्यात काय!" पण घरचा भार मला माहीत आहे. एफआरएमचे दोन पार्ट नोकरी सांभाळून देता येतात, पण नुसत्या त्यावर बँकेच्या रिस्क टीममध्ये घेतात का?

आपल्या भागातून या क्षेत्रात गेलेल्या कोणी अनुभव सांगितला तर फार उपकार होतील. कॉलेज निवडताना प्लेसमेंटच्या आकड्यांपलीकडे काय विचारावं, तेही सांगा.