मदत हवी आहे: वजन ठीक, रिपोर्ट नॉर्मल, तरी खाण्याचा आजार असेल का?

नमस्कार. मी जनरल प्रॅक्टिस करते. सतरा वर्षांची मुलगी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) चक्कर येते म्हणून आईबरोबर आली. वर्षभरात तिसऱ्यांदा. आधी दोनदा मी अशक्तपणा म्हणून लोहाच्या गोळ्या देऊन मोकळी झाले होते. या वेळी बीपीचा पट्टा बांधताना उजव्या मुठीच्या हाडांवर घट्टे दिसले. कानांखाली दोन्हीकडे गालगुंडासारखी सूज, पण दुखत नाही. मग दात बघितले, तर वरच्या दातांची आतली बाजू झिजलेली.

"उलट्या काढतेस का?" मी आईसमोरच विचारलं. ती "नाही" म्हणाली आणि खाली बघत बसली. तिथेच माती खाल्ली मी.

वजन उंचीच्या मानाने ठीक. हिमोग्लोबिन, थायरॉईड, पोटॅशियम नॉर्मल. आई म्हणते, "खाते की चांगली!" शनिवारी पुन्हा येणार आहेत. कसं बोलू? लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवू का?

प्रतिसाद १
मॅडम, मुठीवरचे हे घट्टे (बोटं घशात घालताना दात घासून पडतात) मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ सालीच नोंदवलेत, बुलिमियाचं, म्हणजे भसाभसा खाऊन मग उलट्या काढण्यासारख्या आजाराचं, पहिलं वर्णन केलं तेव्हा. बुलिमियात वजन बहुतेकदा नॉर्मलच असतं, त्यामुळे काट्यावर विसंबू नका. खाण्याचे आजार चाळण्यासाठीच्या 'स्कॉफ' प्रश्नावलीचे पाच प्रश्न विचारा, दोन 'हो' आले तर संशय बळावतो. 'नाही' आलं म्हणून मात्र सोडून देऊ नका, लाजेपायी लपवतात. जीव नकोसा होतो का, हेही विचारा. आणि हो, पाठवाच. या वयात घरच्यांना सोबत घेऊन केलेली थेरपी आधी, गोळ्या नंतर.

प्रतिसाद २
पोटॅशियम एकदा नॉर्मल आलं याला फार अर्थ नाही. पुन्हा करा, सोबत बायकार्बोनेट, मॅग्नेशियम, फॉस्फेट आणि ईसीजी. नाडी-बीपी आधी झोपवून, मग उभं करून घ्या. शुद्ध हरपणं, पोटॅशियम उतरणं, ईसीजीत बदल किंवा दिवसा नाडी ५० च्या खाली, यातलं काही दिसलं तर थेट भरती. जुलाबाच्या गोळ्या घेते का तेही काढून घ्या. बुप्रोपिऑन हे नैराश्यावरचं औषध चुकूनही देऊ नका, फिट येऊ शकते.

प्रतिसाद ३
मी डॉक्टर नाही, या आजारातून गेलेय. मला काट्यावर उभं करून डॉक्टर म्हणाले होते, "वजन छान आहे." मला ऐकू आलं, अजून तू पुरेशी आजारी नाहीस. पुढे दोन वर्षं कुणाला काही सांगितलं नाही. तिला वजनाबद्दल चांगलं-वाईट काहीच बोलू नका. उलटीनंतर लगेच ब्रश करू नकोस, नुसत्या पाण्याने चूळ भर, असं एका डेंटिस्टनी सहज सांगितलं होतं. त्यांच्यापाशीच पहिल्यांदा बोलले.

धागाकर्ती
हे दातांचं सुचलंच नव्हतं, तिथूनच सुरुवात करते. शेवटचं एक, आधी आईला आत घेऊ की मुलीला?

प्रतिसाद १
मुलीला, एकटीला. काय तुमच्यापाशी राहील आणि जिवावर बेतणारं असेल तर काय आईला सांगावंच लागेल, हे तिला आधीच सांगून ठेवा.