मदत हवी आहे : नॅनो युरियाच्या बाटलीवर विषाचा त्रिकोण का नसतो?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी गटाचे कामकाज मी पाहतो आणि फवारणीसाठी मजूर ठरवण्याचे कामही माझ्याकडेच असते. या हंगामात युरियाच्या गोणीसोबत नॅनो युरियाच्या, म्हणजे पानांवर फवारायच्या अतिबारीक कणांच्या द्रवरूप युरियाच्या, बाटल्या आमच्या गळ्यात पडल्या. त्या घेतल्याशिवाय कृषी सेवा केंद्रात गोणी मिळेना. या लिंकिंगची तक्रार कुठे करायची ते मला ठाऊक आहे, त्यामुळे तो विषय येथे नको.

अडचण बाटली उघडण्याच्या वेळी आली. नेहमी आमच्याकडे फवारणीला येणाऱ्या एका जुन्या मजुराने बाटली सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली आणि विचारले, "भाऊ, याच्यावर तो रंगाचा त्रिकोण कुठी आहे?" कीटकनाशकाच्या डब्यावरचा त्रिकोण विष किती तीव्र ते रंगाने सांगतो; जास्त विषारीपासून कमीकडे लाल, पिवळा, निळा, हिरवा हा क्रम त्याला पाठ आहे. 2017 च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, त्यानंतर इकडे डबा पाहिल्याशिवाय कोणी पंप पाठीवर घेत नाही. (काही जण अजूनही घेतात, पण तो मजूर घेत नाही.)

नॅनोबाबत गावात दोन तट आहेत. एकाचे म्हणणे, हे नुसते पाणी आहे. दुसऱ्याने मोबाईलवर कुठेतरी ऐकले आहे की इतके बारीक कण श्वासावाटे थेट रक्तात उतरतात. पहिल्या तटाचा हिशेब मला समजतो. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के म्हणजे सुमारे 20.7 किलो नत्र असते; 2021 साली जी अर्धा लिटरची बाटली एका गोणीला पर्याय म्हणून बाजारात आली, तिच्यात 4 टक्क्यांच्या हिशेबाने जेमतेम 20 ग्रॅम. पानांवाटे दिलेले नत्र अधिक कार्यक्षमतेने वापरले जाते असे उत्पादकांचे म्हणणे आहे, तर पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत गहू व भाताचे उत्पादन घटल्याचे आढळले. हा वाद पिकापुरता झाला. पिकाला उपयोग होत नाही म्हणून माणसाला अपायही होत नाही, असे मात्र मजुराला सांगण्याचे धाडस मला होत नाही.

माझ्या वाचनात आले ते असे : जैवतंत्रज्ञान विभागाने 2020 मध्ये शेती व अन्नातील नॅनो उत्पादनांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि 2021 मध्ये नॅनो युरियाचा समावेश खत नियंत्रण आदेशात झाला. युरोपीय संघात रसायनांच्या नोंदणी कायद्याखाली 1 जानेवारी 2020 पासून पदार्थाच्या नॅनो रूपाची माहिती वेगळी द्यावी लागते. मग आपल्याकडे त्रिकोण नसण्याचा अर्थ 'तपासून निर्धोक ठरवले' असा घ्यायचा, की त्या दृष्टीने कोणी पाहिलेच नाही असा? शिवाय मजुरी वाचावी म्हणून आमच्याकडे नॅनो युरिया आणि कीटकनाशक एकाच पंपात मिसळण्याचा आग्रह होतो, त्याचे काय करावे? कपाशीची पुढची फवारणी जवळ आली आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

आपले दोन्ही अर्थ बाजूला ठेवावे लागतील. त्रिकोण येतो कीटकनाशक कायदा 1968 आणि त्याखालील नियमांमधून, आणि नॅनो युरिया हे कायद्याच्या दृष्टीने खत आहे, त्यामुळे साध्या युरियाच्या गोणीवर जसा तो नसतो तसा या बाटलीवरही नसतो. खत नियंत्रण आदेशाचा भर खतातील घटक, दर्जा, भेसळ आणि विक्री यांवर आहे. फवारणी करणाऱ्याच्या नाकातोंडाचा विचार त्यात फारसा नाही, आणि माझ्या मते खरी उणीव तीच आहे. विषारीपणाच्या चाचण्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या तत्त्वांनुसार केल्याचे उत्पादक सांगतात. आपल्या गटाने कंपनीकडे त्या अहवालांची आणि सुरक्षा माहितीपत्रकाची लेखी मागणी करावी, प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांना द्यावी आणि श्वासावाटे होणाऱ्या परिणामांची चाचणी झाली आहे का, एवढा एकच प्रश्न स्पष्ट विचारावा.

रक्तात उतरण्याच्या भीतीबद्दल सांगायचे, तर पंपातून सुटे नॅनो कण बाहेर पडत नाहीत, पाण्याचे थेंब पडतात, आणि साध्या नोझलचे बहुतेक थेंब फुप्फुसात खोलवर जाण्याइतके बारीक नसतात. पॉवर स्प्रेचे धुके मात्र बरेच बारीक असते. युरिया स्वतः पाण्यात सहज विरघळतो. कणाभोवती कशाचे आवरण आहे, हे कंपनीकडूनच कळेल.

मिश्रणाबाबत तडजोड नको. एकदा कीटकनाशक पंपात पडले की अख्खा पंप त्या कीटकनाशकाच्या रंगाचा समजावा. मग हातमोजे, मास्क, चष्मा, वाऱ्याची दिशा, दुपारची सुट्टी, सगळे त्याच हिशेबाने. बाटलीवर मिश्रणाची स्पष्ट शिफारस नसेल तर दोन फवारण्या वेगळ्या कराव्यात. मजुरी जास्त लागेल, ती गटाने सोसावी. आणि त्या मजुराला कीटकनाशकाचा डबाही बाटलीशेजारी ठेवून दाखवावा, म्हणजे त्याला हवा असलेला त्रिकोण सापडेल.