मदत हवीये: सेंट पीटर्स सेमिनरीचे जुने फोटो

मंडळी, ग्लासगोजवळ कार्ड्रॉसला सेंट पीटर्स सेमिनरी आहे ना, कॅथलिक पाद्री घडवायचं कॉलेज, १९६६ला सुरू झालं नि १९८०ला बंदपण, त्यावर प्रेझेंटेशन करतेय. शंभरेक मुलांसाठी बांधलं आणि तेवढ्यात चर्चचा विचारच बदलला, मुलांना गावातल्या पॅरिशमधेच, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीत, शिकवायचं ठरलं, मग काय, खोल्या रिकाम्याच, वर छप्पर गळायचं ते वेगळंच! आता नुसता सांगाडा उरलाय, भिंतीभर ग्राफिटी. त्या काँक्रीटचे फोटो ढिगाने मिळतात हो, मला मधला जुना व्हिक्टोरियन वाडा हवाय, किलमाह्यू हाऊस, १९९५ला आगीनंतर पाडला तो, तोही आतून, जिना वगैरे दिसेल असा. कुणाकडे स्कॅन आहेत? की सरळ ग्लासगो स्कूल ऑफ आर्टच्या अर्काइव्हला मेल टाकू, आर्किटेक्टची ड्रॉइंग्ज तिथेच आहेत, कुणी मागवलीयेत का आधी?