मदत हवी आहे: दापोलीकडचं जुनं घर, आधी कोणाला बोलवू? इंजिनिअर, आर्किटेक्ट की गावचा मिस्त्री?

कौलारू_७
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. गावचं घर दुरुस्त करायचंय. संडास-बाथरूम आत घ्यायचंय, स्वयंपाकघर मागे थोडं वाढवायचंय आणि माजघरात पाणी गळतं ते थांबवायचंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो कौलं काढून स्लॅब टाका, सुतार म्हणतो वासे आणि रिपा बदलल्या की झालं, चुलतभाऊ म्हणतो वरून पत्र्याची शेड मार आणि मोकळा हो. तिघांच्या आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. शिमग्याला जातोय तेव्हा फायनल करायचंय, गणपती नव्या घरात हवेत. "बघितल्याशिवाय सांगता येत नाही" सोडून काहीही सांगा.

खाडीपलीकडचा
भिंती कसल्या आहेत? समुद्र किती लांब? घर कोणाच्या नावावर?

कौलारू_७
चिऱ्याच्या. समुद्र ओटीवरून दिसतो. नावाचा काय संबंध, घर आमचंच आहे.

मालवणी_माणूस
कौलांका हात लावू नको रे, तुका सांगतंय. स्लॅबाखाली मे महिन्यात झोपून बघ मगे कळात.

चिपळूणकर२२
कौलं कौलं काय करता, 3 जून 2020 ला निसर्ग वादळात दापोली-मंडणगड पट्ट्यात काय झालं विसरलात? आमच्या मामाकडे कौलं अंगणात आणि पत्रे दुसऱ्याच्या बागेत. स्लॅबवाले आत बसून चहा पीत होते.

मालवणी_माणूस
चहा पीत होते आणि आता दरसाल वॉटरप्रूफिंग करतात.

साइट_सुपरवायझर
दोघेही थांबा. @कौलारू_७, चिऱ्याची जोडाई मातीत आहे की सिमेंटात? मातीत असेल तर त्या भिंतींवर स्लॅब चढवणं म्हणजे आजोबांच्या खांद्यावर गोणी देणं. त्यासाठी वेगळे कॉलम आणि फुटिंग (कॉलमखालचा पाया) लागतील, म्हणजे दुरुस्ती नाही, नवं घरच झालं. आणि समुद्र दिसतोय एवढ्या जवळ असाल तर खारी हवा सळई खाते. आयएस 456 (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे किनाऱ्यावर सळईवर निदान 45 मिमी कव्हर, म्हणजे वरचा काँक्रीटचा थर, आणि एम30 दर्जाचं काँक्रीट लागतं, थेट फवारा येत असेल तर त्याहून जास्त. गावात कोण मोजतं? खाडीची खारी वाळू वापरली की काही वर्षांत पोपडे पडून सळई उघडी. कॉन्ट्रॅक्टरला विचार, वाळू कुठली आणि कव्हर किती, उत्तर ऐकून काय ते कळेल.

वास्तु_प्रेमी
ईशान्येला टॉयलेट येत नाहीये ना? ते आधी बघा, बाकी सगळं नंतर.

खाडीपलीकडचा
नावाचा संबंध असतो भाऊ. 8अ उताऱ्यावर आजोबांचंच नाव आणि काका-आत्या सगळे वारस असतील तर उद्या कोणीही काम थांबवेल. संमतीपत्र आधी घे. आणि समुद्राच्या इतक्या जवळ असशील तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, बघ. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती होते, पण मागे स्वयंपाकघर वाढवतोस म्हणजे जोतं वाढलं, तिथेच अडकतं. ग्रामपंचायतीत तोंडी "करा हो" म्हणतील, ते धरून चालू नको.

कौलारू_७
आत्या पुण्याला असतात, त्यांना विचारायचं? अरे मला फक्त माणूस कोण बोलवू एवढंच विचारायचं होतं.

साइट_सुपरवायझर
मग ऐक. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, फी देऊन, फक्त बघायला. ज्याला काम मिळणार आहे त्याचा सल्ला म्हणजे त्याची जाहिरात. सोबत सुताराला घे. त्याने आढ्याचा वासा पटाशीने टोचून बघायचा, भुगा पडला तर वाळवी, आवाज कडक आला तर वासा अजून चालेल. आर्किटेक्ट हवाच असेल तर आर्किटेक्चर काउन्सिलचा नोंदणी नंबर विचार. मगच तिघांना एकाच यादीवर दर मागव, लेबर वेगळं आणि मटेरियल वेगळं. आता प्रत्येकाने वेगळंच काम धरलंय, तुलना होणारच कशी?

चिपळूणकर२२
हे बरोबर. आणि पैसे टप्प्याने, छप्पर झालं की इतके, प्लंबिंग झालं की इतके. आमच्याकडे एकाने निम्म्याहून जास्त उचल घेतली आणि भाताची लावणी सुरू झाल्यावर माणसंच गायब. पावसाआधी छप्पर झालं नाही तर गणपती प्लॅस्टिकखाली.

सुरमई_फ्राय
होमस्टे काढणार असाल तर बाथरूमला बाहेरून दार द्या. बाय द वे दापोलीत ताजी सुरमई हल्ली कुठे चांगली मिळते?

मालवणी_माणूस
हर्णैच्या बंदरार जा, लिलावाक.

कौलारू_७
ओके. मग या वर्षी फक्त छप्पर आणि बाथरूम, मागचं स्वयंपाकघर थांबवतो. आत्यांना आज रात्री फोन करतो. दापोली-खेड साइडला कोणी ओळखीचा स्ट्रक्चरल इंजिनिअर असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, कॉन्ट्रॅक्टर नकोत.

साइट_सुपरवायझर
व्यनि केलाय. जोडाईचा फोटो पाठव, प्लॅस्टर जिथे पडलंय तिथला.