उत्तर: एवढ्या मिठात प्रोटीन टिकतं कसं?

वर कुणीतरी म्हटलंय की अतिखारट पाण्यात राहणारे हे सूक्ष्म जीव मीठ बाहेरच अडवत असतील म्हणून आतली प्रोटीनं वाचतात. ड्युनालिएला शेवाळाचं तसं आहे, ते आत ग्लिसरॉल साठवतं, पण हॅलोबॅक्टेरियमचं नाही (नावात बॅक्टेरियम असलं तरी ते आर्किया, म्हणजे बॅक्टेरियांहून वेगळ्या एकपेशीय जीवांच्या गटातलं आहे बरं का). ते सोडियम बाहेर फेकतं आणि पोटॅशियम आत भरून घेतं, तेही जवळपास ४ मोलर (मोलर म्हणजे द्रावण किती तीव्र आहे याचं माप), समुद्राच्या पाण्यातलं मीठ साधारण ०.६ मोलर, यावरून अंदाज घ्या.

इतक्या मिठात साधं प्रोटीन एकमेकांना चिकटून खाली बसतं कारण पाणी सगळं आयनांनी (मिठाच्या भारित कणांनी) ओढून घेतलेलं असतं. यांच्या प्रोटीनांच्या पृष्ठभागावर मात्र अ‍ॅस्पार्टेट आणि ग्लुटामेट ही ऋण भाराची अमिनो आम्लं खचाखच असतात, धन भाराचं लायसिन कमी, त्यामुळे ऋण भाराचा एक थर तयार होतो आणि तो पाणी व आयन दोन्ही धरून ठेवतो. आता खरी गंमत म्हणजे मीठ काढून घेतलं की हेच ऋण भार एकमेकांना ढकलतात आणि प्रोटीन उलगडतं. मृत समुद्रातल्या हॅलोआर्क्युला या आर्कियाचं मॅलेट डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम असंच वागतं.

कॉलेजात आम्ही हॅलोबॅक्टेरियमच्या गुलाबी कल्चरमध्ये डिस्टिल्ड वॉटर घातलं होतं, बघता बघता गढूळपणा गेला आणि ट्यूबमध्ये नुसता चिकट द्रव उरला, पेशी फुटून डीएनए बाहेर आला होता. म्हणून हे एन्झाइम प्युरिफाय करताना प्रत्येक बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) मीठ ठेवाच, एका डायलिसिसला (पातळ पडद्यातून प्रोटीनभोवतीचं द्रावण बदलण्याच्या पायरीला) विसरलात तरी सगळी मेहनत जाते.