सेसना १५२ चे फ्युएल गेज येड्यावानी करायलेत, दोन्ही सेंडर (टाकीतली पातळी मोजून काट्याला कळवणारे पार्ट) मागवायचे का आधी काही तपासायचं? मदत हवी

धावपट्टीवाला_धाराशिव

राम राम मंडळी. आमच्याकडं ट्रेनिंगचं एक जुनं सेसना १५२ हाय, मधी लई दिवस नुसतं उभं होतं, आता परत उडवायचं चाललंय. इंजिन, मॅग्नेटो, ब्रेक सगळं मार्गी लागलं पण हे दोन फ्युएल गेज काही सरळ व्हईनात. डाव्याचा काटा नुसता नाचतो, मास्टर स्विच ऑन केला की अर्ध्यावर, रेडिओवर बोलायला बटन दाबलं की पाऊण, सोडलं की परत खाली. उजवा एकदम उलट, टाकीत किती बी तेल असू द्या तो पावाच्या जवळ जाऊन बसतो, पॅनलवर टिचकी मारली तर जरासा हलल्यासारखं करतो अन पुन्हा तिथंच.

आमचे एएमई (विमानाच्या दुरुस्तीवर सही करणारे इंजिनियर) साहेब दुसऱ्या बेसवरून येतेत, रोज नसतेत. मी त्यांच्या हाताखालचा टेक्निशियन, सही माझी नाही, पण ते यायच्या आत जेवढी माहिती काढता येईल तेवढी काढून ठेव म्हणलेत. मॅनेजर म्हणायलेत कशाला डोकं लावता, दोन्ही सेंडर मागवून टाका. आता ते बाहेरून येणार, कस्टम-बिस्टम धरून पैसा बी जाणार अन विमान बी तोवर शेडमधी. अन एवढं करून काटा नाचतच राहिला तर बोलणी मलाच बसणार.

दुसरं म्हणजे इथले एक इन्स्ट्रक्टर म्हणतेत १५२ च्या गेजकडं कुणी बघतच नसतं, डिपस्टिक (टाकी मोजायची काठी) टाकायची अन घड्याळ बघून उडायचं, आणि नियमानं गेज फक्त टाकी रिकामी असतानाच बरोबर दाखवला तरी चालतंय. हे खरंय का हो? जाणकारांनी जरा सांगावं.

जुना_हँगरवाला

आधी तुमच्या इन्स्ट्रक्टरचं. २०१७ पर्यंतचा अमेरिकन नियम २३.१३३७ असं म्हणायचा की सरळ उड्डाणात टाकीत फक्त न वापरता येणारं फ्युएल उरलं की काट्यानं शून्य दाखवायला पाहिजे. शून्य कुठं धरायचं एवढंच ते वाक्य सांगायचं. बाकी वेळेला काटा काय वाट्टेल ते दाखवू दे असं त्यात कुठंच नव्हतं, लोकांनी ते आपल्या सोयीनं ताणलंय. उलट ९१.२०५ मध्ये दर टाकीतलं फ्युएल दाखवणारा गेज आवश्यक उपकरणांत धरलाय. आपल्याकडं तुमच्या विमानाची इक्विपमेंट लिस्ट अन एएमई साहेबांची सही हेच शेवटचं. डिपस्टिक पाहिजेच, पण ती गेजच्या जोडीला, बदली नाही.

आता काट्याचं. भाऊ, सेंडर मागवायच्या आधी दोन्ही टाक्या डिप करून (काठीनं मोजून) बघा. १५२ ला डावी-उजवी निवडायचा सिलेक्टर नसतो, नुसता शटऑफ असतो, दोन्ही टाक्या सोबतच खाली उतरतात. विमान उताराच्या जागी उभं राहिलं की एका टाकीतलं तेल दुसरीकडं सरकतं. म्हणजे उजवा काटा कमी दाखवायला लागला तर तो खोटंच बोलतोय असं नाही, तेलच तिकडं गेलेलं असू शकतं. सपाट जागेवर आणा, रात्रभर ठेवा, मग डिप घ्या.

वायरमन_परभणी

हँगरवाल्या काकांशी सहमत. मी विमानाचा नाही, गाड्यांच्या इलेक्ट्रिकचा माणूस, पण फ्लोट, त्याच्या दांडीवर फिरणारा रेझिस्टन्स अन पॅनलवर काटा, हे काम सगळीकडं सारखंच. रेडिओचं बटन दाबल्यावर काटा उडतो म्हणजे माझा पहिला संशय अर्थवर, म्हणजे बॉडीला जोडलेल्या अर्थिंगवर. सेंडरचा फ्लँज ते बॉडी रेझिस्टन्स मोजा, जवळपास शून्य यायला पाहिजे. मोजताना वायर हलवा, आकडा नाचला की चोर सापडला.

खर्च वाचवायचा असला तर बाजारात ट्रॅक्टरचा फ्लोट दिसायला सेम टू सेम मिळतो बरं का, चारशे-पाचशेत काम 😄

जुना_हँगरवाला

परभणीकर, अर्थचं एक नंबर बोललात, पण ट्रॅक्टरचं गमतीत बी लिहू नका, इथं पोरं वाचतात. दिसायला सेम असणं हाच तर धोका. २००५ च्या ऑगस्टमध्ये ट्युनिंटर कंपनीचं एटीआर ७२ विमान इटलीत पालेर्मोजवळ समुद्रात उतरवावं लागलं. त्याला एटीआर ४२ चा फ्युएल गेज बसवलेला होता, दोन्ही दिसायला सारखे, बसतात पण सारखेच. टाक्या रिकाम्या व्हायला लागल्या तरी गेज भरपूर दाखवत होता. ३९ जणांतले १६ गेले. सेसनातही हीच गंमत आहे, १५० ची वायरिंग १४ व्होल्टची अन १५२ ची २८ ची. कुण्या जुन्या १५० चा गेज कपाटात पडलाय म्हणून लावायचा नाही. पार्ट नंबर जुळला पाहिजे, सोबत रिलीज सर्टिफिकेट (पार्ट विमानाला चालतो असा कागद) पाहिजे.

धाराशिवकर, आता क्रम सांगतो, पण हे सगळं साहेबांसमोर.

गेजच्या मागं, म्हणजे पॅनलपाशी, डाव्या-उजव्या सेंडरच्या वायरी आपसात बदलून बघा. खोड दुसऱ्या काट्याकडं गेली तर सेंडर किंवा त्याची वायर, त्याच काट्यावर राहिली तर गेज. वायर बॉडीला टेकवून बघायची टेस्ट पण पॅनलपाशीच करायची, टाकीपाशी चुकून बी नाही. उन्हाळ्यात आपल्याकडच्या शेडमध्ये अ‍ॅवगॅसची (विमानाच्या पेट्रोलची) वाफ किती साचते हे वेगळं सांगायला नको. सेंडर काढायचा झाला तर आधी टाकी ड्रेन, बॅटरी सुटी, विमान अन डबा दोन्ही बाँड केलेले, म्हणजे वायरीनं एकमेकांना जोडलेले. प्लास्टिकच्या कॅनमध्ये काढू नका, स्टॅटिकला ठिणगी टाकायला तेवढं पुरतं.

सेंडर बाहेर आला की टाकीपासून लांब नेऊन मीटर लावा अन दांडी हळूहळू वर-खाली करा. इथं काट्याचा जुना मीटर घ्या, डिजिटलवर मधला झटका निसटून जातो. ओहमचा आकडा तुमच्या पार्ट नंबरप्रमाणं मॅन्युअलातला धरा, नेटवरचा नको. उभ्या विमानात ट्रॅकचा जो भाग फ्लोटखाली कायम असतो तिथंच बहुतेक खाल्लेला सापडतो. परत बसवताना गॅस्केट नवीन. केबिनच्या वर पंखाच्या मुळाशी निळा डाग किंवा पेट्रोलचा वास आला तर तिथून गळायलंय समजा.

धावपट्टीवाला_धाराशिव

काका, परभणीकर, लई आभार. साहेब येऊन गेले, तुम्ही सांगितलं त्याच वाटेनं बघितलं.

पार्किंगची जागा खरंच उताराची निघाली, सपाट जागेवर आणल्यावर दोन्हीकडचं डिप जवळपास सारखं झालं. उजव्याचा काटा तरी पावावरून हलला नाही, म्हणून वायरी बदलल्या तर पावावर बसायची खोड डाव्या गेजकडं गेली, म्हणजे उजवा सेंडर. काढून बघितला तर दांडी अडकत नव्हती पण ट्रॅक मधोमध चकचकीत घासलेला, तिथं मीटरचा काटा एकदम पडायचा. डाव्या सेंडरला मात्र काहीच झालेलं नाही, फक्त अर्थच्या स्क्रूखाली पांढरी भुकटी साचलेली, साफ करून घट्ट केलं तर रेडिओवर कितीबी बोला, काटा हलेना. साहेबांनी एकच सेंडर मागवायला सांगितलं, मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

नवीन सेंडर बसला की कॅलिब्रेशन करायचंय. मॅन्युअलात दर टाकीला ०.७५ गॅलन न वापरता येणारं लिहिलंय, म्हणजे २.८ लिटरच्या आसपास. तेवढं ठेवून शून्य लावायचं, विमान लेव्हल करून, मग ५-५ लिटर टाकत दर पायरीला काटा अन डिप दोन्ही लिहून घ्यायचं, असंच ना?

जुना_हँगरवाला

असंच. फक्त एकक एकच धरा. तुमचा गेज गॅलनचा, बिल लिटरचं, अन वजनाच्या कागदावर किलो किंवा पाउंड. १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ याच घोळात हवेत कोरडं पडलं होतं, गेज बंद म्हणून डिपस्टिकनं मोजलं अन किलोच्या जागी पाउंडाचा आकडा धरला. ते गिमलीला कसंबसं उतरलं. तुमच्या १५२ ला वापरता येणारं २४.५ गॅलन, म्हणजे पावणेत्र्याण्णव लिटरच्या आत-बाहेर, हा आकडा लिटरमध्ये पॅनलजवळ लावून ठेवा. डिपस्टिकवर विमानाचं रजिस्ट्रेशन कोरा, दुसऱ्या विमानाची काठी वापरली की सगळं मुसळ केरात.

धावपट्टीवाला_धाराशिव

कोरतो. काठी लाकडाची करावी का पारदर्शक नळीची? नळीत वरून बोट दाबून काढली की पातळी दिसते म्हणतेत, पण आमच्या उन्हात नळी पिवळी पडून रेघाच दिसत नाहीत.

वायरमन_परभणी

लाकडाची करा, रेघ करवतीनं पाडा. पेनानं मारलेल्या रेघा पेट्रोल धुवून नेतं.