पहिलं वेल्डिंग मशीन आर्कचंच घ्या, मिगचा मोह नंतर

कानस:
हौसेखातर लोखंडकाम सुरू करणारा जो तो हल्ली एकच विचारतो, "बिनगॅसचं मिग घेऊ का? सोपं असतं म्हणे." माझं स्पष्ट मत: नको. मिगमध्ये जोडात वितळणारी वायर रिळावरून आपोआप येते, आर्कमध्ये हातातला रॉड वितळतो. साधं इन्व्हर्टरवालं (हलकं, इलेक्ट्रॉनिक) आर्क मशीन घ्या. एका हातात उचलून अंगणात नेता येतं. वायरचं रीळ नाही, वायर नेणारा लायनर नाही, ती बाहेर सोडणारी टिप नाही, म्हणजे अडकायला काही नाहीच. लोखंडावर थोडाफार गंज असला तरी 6013 नंबरचा साधा रॉड चालवून घेतो. 3 मिमी आणि त्यावरचं बहुतेक काम 2.5 च्या रॉडवर, 70 ते 85 अँपिअरवर होतं. रॉडचं टोक आणि लोखंड यांत रॉडच्या जाडीएवढंच अंतर ठेवायचं आणि हात सावकाश ओढायचा. आर्कवर हात बसलेला माणूस मिग पटकन उचलतो. उलटं मात्र होत नाही. मिगवाल्याच्या हातात रॉडचा होल्डर दिला की तो रॉड चिकटवत बसतो.

पत्रेवाला:
कानसराव, 3 मिमी म्हणालात तिथेच मेख आहे. हौशी माणूस 3 मिमी वापरतो कुठे? तो आणतो 25 बाय 25 चा स्क्वेअर पाइप, जाडी 1.2 नाहीतर 1.6. त्यावर तुमचा 2.5 चा रॉड टेकवला की पहिल्याच कोपऱ्यात भोक. ते बुजवायला आणखी रॉड, की भोक दुप्पट. असे दोन रविवार गेले की मशीन पुन्हा खोक्यात. मिगला 0.8 ची फ्लक्स कोअर वायर (पोकळ वायर, आत गॅसचं काम करणारी पावडर) लावा, ट्रिगर दाबा-सोडा करत टाके मारत जा. रॉड जळून आखूड होतो तसा हात खाली आणत राहायची कसरत नाही, टॉर्च, म्हणजे वायर बाहेर सोडणारी मूठ, दोन्ही हातांनी धरता येते. नवख्याला आणखी काय हवं?

कानस:
रॉड 2 मिमीचाही मिळतो, राव! 40 ते 60 अँपिअर, एक टाका मारा, लाली जाऊ द्या, मग पुढचा. मागून हात पोहोचत असेल तर तांब्याची पट्टी दाबून धरा. तांबं उष्णता ओढून घेतं आणि लोखंड त्याला चिकटत नाही. पत्रा फाटतो तो घाईनं. खापर आर्कवर कशाला?

लाल_स्लॅग:
दोघांचं चालू द्या, पण मिगचा मोठा दोष कुणीच काढला नाही. टाका वरून देखणा दिसतो आणि खाली नुसता टेकलेला असतो. आर्कमध्ये करंट कमी पडला तर रॉड चिकटतो, बीड (वेल्डची रेघ) ओबडधोबड येते, म्हणजे चूक डोळ्यांसमोर असते. मिग मात्र थंड लोखंडावरही गुपचूप वायर ओतत राहतं.

विश्वास नसेल तर 5 मिमीच्या दोन पट्ट्या टी आकारात उभ्या करा, एकाच बाजूनं वेल्ड मारा. गार झाल्यावर खालची पट्टी व्हाइसमध्ये पकडा आणि उभी पट्टी वेल्डच्या बाजूला हातोडीनं पाडा. तुटेपर्यंत मारा. आत पाहा. तुटलेला भाग सगळीकडे खरखरीत, दाणेदार असेल तर जोड बसला. मूळ पट्टीची कड आणि तिच्यावरचे ग्राइंडरचे ओरखडे जसेच्या तसे दिसले, तर तिथे लोखंड वितळलंच नव्हतं. नवख्याच्या मिग जोडात हे ओरखडे किती वेळा निघतात, ते स्वतःच बघा.

पत्रेवाला:
चाचणी उत्तम, पण निकाल मशीन चालवणाऱ्यावर लागतो, पद्धतीवर नाही. उंच इमारतींचे पोलादी सांगाडे जागेवर जोडताना बिनगॅसची फ्लक्स कोअर वायरही वापरतात, कारण वाऱ्यानं उडून जायला गॅसच नसतो. ते काय नुसते टेकलेले असतात?
एक मात्र मान्य. या वायरला टॉर्च निगेटिव्हवर लागते, गॅसवाल्या सॉलिड वायरला पॉझिटिव्हवर. बरेच जण हे न तपासता सुरू करतात, मग शिंतोडे उडाले की वायरला शिव्या. काही स्वस्तातल्या मशीनना तर आउटपुटच एसी असतं, पोलॅरिटी (प्लस-मायनस) बदलायची सोयच नाही. तसलं घेऊ नका.

नवशिका:
मधेच विचारतो, माफ करा. घरी 16 अँपिअरचा एकच सॉकेट आहे आणि मशीनवर 200 अँपिअर लिहिलंय. एमसीबी पडणार ना?

कानस:
नाही हो. ते 200 रॉडकडे जाणारे, भिंतीतून येणारे नव्हेत. 80 अँपिअरला आर्कवर साधारण 23 व्होल्ट असतात, म्हणजे जेमतेम 1.85 किलोवॅट. मशीनचा तोटा आणि पॉवर फॅक्टरमुळे जास्त ओढला जाणारा करंट धरून 230 व्होल्टच्या लाइनवर 13-14 अँपिअर पडतील. पूर्ण 200 वर मात्र 28 व्होल्ट, 5.6 किलोवॅट. ते त्या सॉकेटचं काम नाही.
ड्यूटी सायकलही बघा. 200 ला 20 टक्के म्हणजे 10 मिनिटांत 2 मिनिटं वेल्डिंग आणि 8 मिनिटं आराम. तुम्ही 80 वर काम करणार, तेव्हा मशीनआधी तुम्हीच दमाल. एक्स्टेंशनची वायर 2.5 चौरस मिमीची घ्या आणि रिळावरून पूर्ण उलगडा. गुंडाळलेली तापते.

आर्गॉन:
टिगचं (टंगस्टनच्या टोकाचा आर्क, वर आर्गॉन गॅसचं आवरण) नाव कुणी घेईना? सगळ्यात स्वच्छ जोड.

पत्रेवाला:
आणि सगळ्यात सावकाश. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात फिलर (जोडात भरायची तार), वर आर्गॉनचं सिलिंडर. ॲल्युमिनियम हवं तर मशीन एसीवालं. पहिल्या मशीनला हा पसारा कशाला?

लाल_स्लॅग:
मशीनवरून भांडताय, काचेचं काय? हेल्मेटवर पैसे वाचवू नका. आर्क डोळ्यांत गेली तर त्या क्षणी काही कळत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. आपोआप काळी होणारी काच 9 ते 13 शेडची (काळेपणाचा आकडा) घ्या, 80 अँपिअरला 10 वर ठेवा. गॅल्व्हनाइज्ड पाइप असेल तर जोडाजवळचं जस्त आधी घासून काढा, नाहीतर त्याच्या धुरानं रात्री थंडीताप भरतो. आणि ब्रेक क्लीनरनं पुसून लगेच वेल्ड तर अजिबात करू नका. काही क्लीनरमधल्या क्लोरीनवाल्या द्रवापासून फॉस्जीन हा विषारी वायू होतो, तो जीवही घेऊ शकतो.

नवशिका:
धन्यवाद, काका. दोन कामं डोक्यात आहेत. सायकलचं कॅरिअर, 1.2 च्या पाइपचं. आणि 5 मिमी अँगलचं टेबल.

पत्रेवाला:
कॅरिअर म्हणालात ना? मग मिग. विषय संपला.

कानस:
कॅरिअर नटबोल्टनं करा. टेबल आर्कनं.

लाल_स्लॅग:
दोन्ही चालवणारं एकच मशीन मिळतं, पण त्यातला आर्कचा करंट किती ते लेबलवर वाचून घ्या. आणि आतला बोर्ड गेला की दोन्ही कामं बंद.

नवशिका:
टेबलच आधी करतो. कॅरिअर कापायला घ्यायचं तरी टेबल लागणारच.

पत्रेवाला:
हे कानसरावांनी तुम्हाला खाजगीत शिकवलेलं दिसतंय.